रोल नंबर तेवीस

४ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या बाईंनी शेवटी पकडलंच! तेही भर रस्त्यात, माझ्या हातात भाजीची पिशवी असताना. "शाळेला शंभर वर्षं होताहेत, तुम्ही शाळेचा इतिहास लिहा." मी म्हटलं, अहो, मी भूगोलाची. तर म्हणे, "पण तुम्ही निवृत्त आहात ना!" म्हणजे विषय कुठलाही चालतो, माणूस रिकामा हवा. हीच मुलगी सहावीत असताना नदी उलटी वाहवायची — समुद्रातून डोंगराकडे! आता मुख्याध्यापिका झाली आहे. असो. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि जुन्या कपाटाची किल्ली घेऊन घरी आले.

घरी आमचे निवेदक बसलेलेच. बस स्टँडवर तीस वर्षं माईकवरून गाड्या पुकारल्या, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण तोंडाचा भोंगा सुरूच. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चहा थंड होण्याच्या मार्गावर आहे. बाईंनी त्वरित स्वयंपाकघराकडे यावे." मला नोकरी लागली तेव्हापासून मी 'बाई'. नवऱ्याने बायकोला बाई म्हणायचं, शोभतं का हे?

आणि नकला! दूधवाल्याची, मोठ्या बाईंची, माझी. परवा माझ्या आवाजात माझ्याच बहिणीशी फोनवर पाच मिनिटं बोलले आणि तिला पत्ता लागला नाही. वर मलाच म्हणते, "काल किती गोड बोलत होतीस गं!"

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर कपाट. दिवसभर शिंका. इतिहास म्हणजे काय ते आज नाकाला कळलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं! साठ वर्षांपूर्वीचा चौथीचा हजेरीपट, आणि त्यात रोल नंबर चोवीस — आमचे हे! एका महिन्यात नऊ गैरहजेऱ्या! आणि मला पाच मिनिटं उशीर झाला की हे घड्याळ दाखवणार. घरी जाऊन चांगली खरडपट्टी काढायची असं ठरवलं आणि पान उलटलं.

तिथे हसू गेलं. चार नावांवर लाल शाईची आडवी रेघ. चारही एकाच तारखेपासून. शेरा काय, तर 'नाव कमी केले'. बस्स. एका वर्गातली चार मुलं एका दिवसात कमी होतात कशी?

ह्यांना विचारलं. "होडी बुडाली होती," म्हणाले.

"आणि एवढ्या वर्षांत मला बोलला नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

आणि उठून इस्त्रीचे कपडे घेऊन चालते झाले! दर शनिवारी जातात, आज शुक्रवारीच. निवृत्त माणसाला आठवड्याला पाच शर्ट इस्त्रीचे लागतात कशाला, हे कोडं मला सुटलेलं नाही. लग्नापासूनच मी त्या इस्त्रीवालीवरून चिडवत आले आहे. पण चिडवलं तरी लाजत नाहीत, रागावत नाहीत, नुसते गप्प होतात. अशा माणसाला चिडवण्यात काय मजा!

१० फेब्रुवारी, सोमवार

वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढायला लावले. ग्रंथपाल असं बघत होता, जणू मी त्याच्या सासऱ्याचं कपाट उघडते आहे.

बातमी मिळाली. 'होडी उलटून एकवीस जण बुडाले.' सहा ओळी. शेजारी अर्धं पान सर्कशीची जाहिरात — 'पलीकडच्या काठावर, फक्त आठ दिवस, हत्तीची आंघोळ पाहा!' हत्तीला अर्धं पान, एकवीस माणसांना सहा ओळी.

तेव्हा पूल नव्हता. पलीकडची मुलं सकाळच्या होडीने शाळेत यायची. त्या दिवशी होडी सव्वादहाला उलटली. शाळेची घंटा साडेदहाची. काही जण सापडलेच नाहीत, पाण्याने कुठच्या कुठे नेले.

मी एकतीस वर्षं ही नदी फळ्यावर काढली. उगम, उपनद्या, मुख, सगळं रंगीत खडूने. चुकलेल्यांना पुन्हा काढायला लावली. आणि ह्यातलं मला एक अक्षर माहीत नव्हतं. फार लाज वाटली आज.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांना सर्दी, म्हणून इस्त्रीचे कपडे आणायला मी गेले. काल ती बातमी दाखवल्यावर मोठ्या बाईंनी बुडालेल्या मुलांच्या नावांची पाटी शाळेत बसवायचं ठरवलं, आणि हे माझ्याआधी इस्त्रीवालीकडे पोचलं होतं.

"पाटीवर किती नावं लिहिणार, बाई?"

"चार."

तिने इस्त्री बाजूला उभी केली. "पाच लिहा."

पाचवा तिचा भाऊ. भिंगरी म्हणायचे त्याला सगळे, कारण एका जागी ठरायचा नाही. ती सहा वर्षांची होती, तो दहाचा. त्या सकाळी दप्तर घेऊन निघाला तो परत आलाच नाही. आई नदीवर धावली, मग शाळेत. गुरुजींनी हजेरीपट उघडून दाखवला — "तुमचा मुलगा वर्गात हजर होता. होडीत कसा असेल?" चौकशीच्या साहेबांनीही तेच लिहून नेलं. मग गावाने ठरवून टाकलं: पोरगा शाळेतून पळाला, घरातून पळाला.

"आई म्हणायची, पळाला तर पळाला, येईल. रस्ता रुंद केला तेव्हा नगरपालिकेने पक्का गाळा दिला होता मला. मी हलले नाही. जागा बदलली तर त्याला सापडायचं कसं? तो आता सत्तरीचा असेल, आणि हा वेडेपणा आहे, हे मला कळतं हो, बाई. कळून काय करू?"

तिने पुन्हा इस्त्री हातात घेतली.

"पळाला असेल तर समोर आल्यावर दोन थोबाडीत देईन. बुडाला असेल तर रडीन. साठ वर्षं झाली, मला दोन्ही करता आलं नाही."

मी कपडे तिथेच विसरून घरी आले. ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी नाक शिंकरलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपून गेले. भर दुपारी!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हजेरीपट पुन्हा पाहिला. रोल नंबर तेवीस, भिंगरी. त्या तारखेला स्वच्छ 'ह'. दुसऱ्या दिवसापासून ओळीने 'गै, गै, गै'. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं. त्यांची एक नोंद कधी चुकली नाही म्हणतात.

मोठ्या बाईंकडे गेले. "पुरावा आणा, बाई. भावनेवर पाटी कोरता येत नाही." वाक्य चांगलं आहे, कार्यक्रमाच्या भाषणात पुन्हा ऐकायला मिळणार! पण तिचं चुकतं असंही नाही. उद्या कोणीही येऊन नाव घाला म्हणेल. बावीस तारखेला सभा आहे, त्याच दिवशी पाटीवाल्याला नावं द्यायची. चार की पाच, तोवर काय ते ठरवा म्हणाली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चहाची घोषणा नाही. घसा बसलाय म्हणतात. घर इतकं शांत की मीच दोनदा रेडिओ लावला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून चष्मा शोधत होते. गादीखाली पाहिलं, फ्रिजमध्ये पाहिलं. ह्यांनी न बोलता माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. केसांत खोचलेला! एरवी "काखेत कळसा अन् गावाला वळसा" हे चार वेगवेगळ्या आवाजांत ऐकवलं असतं. आज नुसतं बोट.

पण चष्मा नाकावर आला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मान खाली घालून हजेरी घेणारा प्रत्येक मास्तर फसतो! मी फसले नाही? दोन वर्षं एक मुलगी मैत्रिणीची हजेरी लावत होती, आणि मी आपली टिंबं देत बसले होते. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं होतं, ते काय वर बघून? 'ह' खरा आहे. हजर म्हणणारा दुसराच कोणी होता!

उड्याच मारणार होते, गुडघ्यांनी नकार दिला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "असेल."

असेल! मी गावाचा इतिहास उलटा करते आहे आणि ह्यांचं काय, तर असेल!

१९ फेब्रुवारी, बुधवार

त्या वर्गातले ह्यांच्याखेरीज दोघेच गावात उरलेत. चष्मेवाल्यांना काहीच ऐकू येत नाही. मी विचारलं, "हजेरी कोण लावायचं?" त्यांनी मला तीन फ्रेमी दाखवल्या.

मग सलूनवाले. एका गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं झालं होतं.

"गुरुजी मान वर करायचेच नाहीत, बाई! आम्ही सर्रास एकमेकांची लावायचो. पण भिंगरीची लावणं म्हणजे सोपं काम नाही. काय तो किनरा आवाज! दारात मांजराची शेपटी सापडल्यावर येतो तसा. त्याच्या हत्तीच्या वेडापायी एकदोनदा लावावी लागली. पण तो आवाज हुबेहूब काढणारा अख्ख्या वर्गात एकच—"

आणि कात्री थांबली.

"कोण?" मी म्हटलं.

"आठवत नाही."

"आत्ता तर सगळं आठवत होतं!"

"वय झालं, बाई." आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच काहीतरी झालंय. अळीमिळी गुपचिळी! म्हातारे झाले तरी चौथीतच आहेत सगळे. तणतणत निघाले.

कोपऱ्यापर्यंत आले आणि पाय जागीच थांबले. हुबेहूब आवाज काढणारा एकच. रोल नंबर चोवीस.

घरी आले तर हे खिडकीशी चहा घेत होते. मी चपला न काढताच विचारलं, "भिंगरीचा आवाज काढता येतो का हो तुम्हाला?"

कप बशीत ठेवायला फार वेळ लागला. "नाही. तोच एक येत नाही."

एकतीस वर्षं मी रोज 'मी नाही' ऐकत आले आहे. खरं 'मी नाही' कसं असतं ते मला चांगलं कळतं. हे तसं नव्हतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

राग आला आहे. इतका की आमटीत दोनदा मीठ पडलं, आणि हे मुकाट्याने जेवले. त्याचाही राग आला.

दहा वर्षांच्या मुलावर रागवता येत नाही. छडीची भीती, गुरुजींची भीती, समजतं मला. पण पुढची साठ वर्षं? दर शनिवारी त्याच दुकानात जायचं, तिच्यासमोर उभं राहायचं, आणि कपडे घेऊन यायचे! आठवड्याला पाच शर्ट. आणि मी चिडवत होते. हसत होते मी.

मोठ्या बाईंना जाऊन सांगणं सोपं आहे. दोन मिनिटांत पाचवं नाव लागेल. पण वर्गात मी कधी चुगली खपवून घेतली नाही. ज्याचं त्याने उभं राहून सांगायचं, हा माझा नियम, आणि तो नवऱ्यालाही लागू!

म्हणून संध्याकाळी एवढंच म्हटलं, "शनिवारच्या सभेत मी त्या दिवसाची हजेरी पुन्हा घेणार आहे. नंबर पुकारून. इस्त्रीवालीलाही बोलावलंय. यायचं तर या."

हे वाटाणे सोलत होते, ते सोलत राहिले. मी उरलेल्या शेंगा पुढे सरकवल्या आणि शेजारी बसले. शेंगा संपल्या तरी दोघंही उठलो नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांनी उद्यासाठी शर्ट काढून ठेवला आहे. पाच इस्त्रीचे सोडून, दोरीवरचा चुरगळलेला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हजेरी घेतली. सलूनवाले हजर म्हणाले, चष्मेवाले तीन नंबर उशिरा हजर म्हणाले, सगळे हसले. चार नंबरांना कोणी बोललं नाही. मग मी म्हटलं, "तेवीस." मान वर केली नाही. धीरच झाला नाही.

मागे खुर्ची सरकली. माईक नाही, नक्कल नाही, ह्यांचा स्वतःचा आवाज.

"गैरहजर, बाई."

मग इस्त्रीवालीकडे वळून म्हणाले, "हत्ती बघून घंटेच्या आत येतो म्हणाला होता. पहिल्या होडीने गेला. सव्वादहाच्या होडीने परत येणार होता. हजर मी म्हणालो. संध्याकाळी तुझ्या आईने मला धरून विचारलं, तू पाहिलंस ना रे त्याला वर्गात? मी हो म्हटलं. ती इतकी हसली, इतकी हसली, की पुन्हा मला नाही म्हणता आलं नाही."

मोठ्या बाई पाटीवाल्याच्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. इस्त्रीवाली उठली, ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, देते आता दोन थोबाडीत. देऊ दे. तिने हात वर केला आणि ह्यांची चुरगळलेली कॉलर बोटांनी दाबून दाबून सरळ केली. मग मला विचारलं, "बाई, आता रडले तर चालेल ना?"