दोन किल्ल्यांची गाडी

कोस्ता सोप्राना,
१२ मार्च १९९८

चि. सिरो यास,
वहिनीचे अ. उ. आ. साठ वर्षांच्या माणसाला कसलं चिरंजीव, असं तू म्हणशील. पण मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास आणि आमच्या लग्नातले साखरेचे बदाम खिशात भरत होतास. माझ्या लेखी तू तेवढाच आहेस.

इकडे मी ठीक आहे. ऑलिव्हची छाटणी अर्ध्यावर आली. शेजारची तेक्ला रोज भांडते आणि रोज सूप आणून देते. नोव्हेंबरात तुझा भाऊ गेला तेव्हा तू आला नाहीस, याबद्दल मी आज काही विचारत नाही. तार पोचली होती, एवढं मला ठाऊक आहे.

लिहायचं कारण वेगळं आहे. गॅरेजमागच्या दगडी गडग्याला पावसानं पोट सुटलंय. तो पाडून नवा बांधायचा म्हणून नगरपालिकेनं ३० एप्रिलपर्यंत गॅरेज रिकामं करायला सांगितलंय. आत तुम्हा दोघा भावांची तांबडी, उघड्या टपाची गाडी आहे. काल मी तिच्यात बसले, किल्ली घातली. किल्ली आत जाते, पण फिरत नाही. स्टिअरिंगही कुलपात अडकलंय, आणि आपल्या गावच्या रीतीप्रमाणे चाकं भिंतीकडे वळवून टेकवलेली. ढकलायचं म्हटलं तरी गाडी जाणार कुठे?

नगरपालिकेचा तरुण इंजिनिअर म्हणतो, काळजी करू नका, स्टिअरिंगचा दांडा करवतीनं कापू आणि क्रेननं उचलून नेऊ. मी त्याला सांगितलं की या घरातून नोव्हेंबरात एकाला चौघांनी उचलून नेलंय. आता गाडी जाईल ती आपल्या चाकांवर जाईल.

सिरो, तू जन्मभर तोरिनोत गाड्यांची कुलपं केलीस. एक दिवस ये. एवढंच मागते.

तुझी वहिनी,
क्लेलिया


तोरिनो,
१९ मार्च

ती. क्लेलियावहिनींस,
शि. सा. न. वि. वि. पत्र मिळालं. अक्षर पाहूनच कळलं की तुम्ही मला अजून ओरडायला राखून ठेवलंय.

माझी छाती धरलीय. खोकला जात नाही, डॉक्टर डोंगर चढू नका म्हणतात. पण हे दुखणं पत्रानं बरं होण्यातलं आहे, मी सांगतो तसं करा.

चाकं भिंतीला टेकली की गाडीचं सगळं ओझं स्टिअरिंगच्या खिट्टीवर येतं. खिट्टी चिमटीत सापडली की किल्ली फिरत नाही. तेव्हा कुणाला तरी गाडी मागून जराशी हलवायला सांगा. तुम्ही आत बसून डाव्या हातानं स्टिअरिंग भिंतीपासून उलट्या बाजूला ओढा आणि त्याच वेळी उजव्या हातानं किल्ली हलकेच फिरवून पाहा. जोर लावू नका, किल्ली आत मोडली तर देवही काढू शकणार नाही. कुलूप आणि क्लेलिया, जोर लावला की दोन्ही अडून बसतात, असं दादाच म्हणायचा.

मागच्या पानावर वाचा: काहीही झालं तरी त्यात तेल घालू नका.

आपला,
सिरो


कोस्ता सोप्राना,
२७ मार्च

चि. सिरो यास,
अ. आ. मागचं पान मी नंतर वाचलं.

आधी बरी बातमी देते. तेक्ला आणि मी मिळून एकशेचाळीस वर्षांच्या बायका. ती मागून रेटत होती, मी आत बसून स्टिअरिंग ओढत होते, आणि ती ओरडत होती की एवढ्या मेहनतीत गाढव डोंगर चढलं असतं. चौथ्या खेपेला गाडी बोटभर हलली. आता स्टिअरिंग दोन्ही बाजूंना दोन बोटं सैल खेळतं. तू म्हणालास तसंच. पण किल्ली मात्र जागची हलली नाही.

आता वाईट बातमी. तेल घातलं. दुकानातलं नव्हे, आपलं स्वतःचं, याच सालचं. या घरात काय तेलानं बरं होत नाही? कान दुखला तेल, दार कुरकुरलं तेल. तुझा भाऊ दर नोव्हेंबरात घाण्यावरून नवं तेल आणायचा, आधी पावावर घेऊन चाखायचा, मग बिजागऱ्यांना, माझ्या शिलाई मशीनला, आणि शेवटी गाडीच्या कुलपाला एकेक थेंब. तीस वर्षं एकही साल चुकवलं नाही. या सालचा थेंब राहिला होता, म्हणून मी घातला. मला वाटलं, कुलूप रुसलंय.

इंजिनिअर टेप घेऊन दोनदा येऊन गेला. क्रेन कुठून आत येईल ते मोजत होता.

आणि तुझ्या खोकल्यावर माझा काडीचा विश्वास नाही. शाळा बुडवायची असली की तेव्हाही तुला खोकलाच व्हायचा.

क्लेलिया


तोरिनो,
३ एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि. तीस नोव्हेंबरांचे तीस थेंब! कुलपात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, किल्लीचा प्रत्येक दात एकेकीला उचलतो, सगळ्या बरोबर उंचीवर आल्या की कुलूप फिरतं. खाण्याचं तेल कालांतरानं डिंकासारखं चिकट होतं. त्यात धूळ बसली की पट्ट्या एकमेकींना चिकटतात. दादानं प्रेमानं कुलूप मारलं, वहिनी.

उपाय असा. कपडे धुवायचं बेन्झिन आणा, इंजेक्शनच्या सुईनं कुलपात सोडा, किल्ली आतबाहेर करा, फडक्याला पुसा. काळं यायचं थांबेपर्यंत करा. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवा आणि तेक्लाबाईंना तिथं सिगारेट ओढू देऊ नका. दोन दिवस वाळू द्या. मग पेन्सिलीचं शिसं घासून त्याची पूड किल्लीला लावा. तेल नाही. पूड.

आता दुसरं. खोकला खोटा आहे. तुम्हाला कळलंच होतं, तर लिहूनच टाकतो. तार मिळाली त्याच दिवशी मी आगगाडी पकडली. इम्पेरियाला उतरलो, काळा टाय लावून बसथांब्यावर बसलो. कोस्ताची बस आली आणि गेली. दुसरी आली, तीही गेली. चढलो नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

अकरा वर्षांपूर्वी मी नवं कुलूप घेऊन आलो होतो, ते तुम्हाला आठवत असेल. जुनं तेव्हाच अडकायला लागलं होतं. मी ड्रिल काढलं आणि दादानं माझा हात धरून मला पोरासारखं बाजूला सारलं. माझ्या डोळ्यांदेखत त्यात तेल सोडलं. तीस वर्षं कुलपांत घालवलेल्या माणसाला त्याच्या धंद्यात सख्ख्या भावानं असं करावं? मी म्हणालो, हे कुलूप बदलल्याशिवाय या गाडीत आणि या घरात पाय ठेवणार नाही. शब्द तोंडातून गेला आणि मग तो पाळत बसलो. त्यानंही बोलावलं नाही. त्यानं असं का केलं ते मला आजही कळलेलं नाही. आता विचारायला तो नाही, आणि तुमच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू?

सिरो


कोस्ता सोप्राना,
११ एप्रिल

चि. सिरो यास,
अ. आ. उद्या ईस्टर. पालेभाजी भरलेली तोर्ता भट्टीत आहे, चार अंड्यांची जागा केली तेव्हा लक्षात आलं की खाणारी मी एकटी. अर्धी तेक्लाकडे जाईल.

तेक्लाच्या शेळीच्या इंजेक्शनची सुई घेतली. तीन दिवस काळं निघत होतं. गॅरेजभर जुन्या तेलाचा वास सुटला, घाण्यावरच्या पिंपाच्या तळाला असतो तसा. एका फडक्यावर तुझ्या भावाचे तीस नोव्हेंबर. मी तिथंच पायरीवर बसून रडले. दफनाच्या दिवशी सुद्धा एवढी रडले नव्हते. तेक्ला आली, दुसरं फडकं देऊन गेली.

आता किल्ली पाव फेरा फिरते आणि थांबते. चष्मा लावून पाहिली. तिचे दात म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखे झिजलेत. तूच लिहिलंस की दातांनी पट्ट्या उचलायच्या असतात. हे दात काय उचलणार?

सिरो, तू विचारतोस त्यानं तसं का केलं. मला माहीत आहे. अकरा वर्षं माहीत आहे.

तू निघून गेलास त्या संध्याकाळी तो जेवला नाही. मी त्याला खूप बोलले. पोरगा एवढ्या लांबून तुझ्यासाठी कुलूप घेऊन आला, आणि तू हे काय केलंस, असं म्हटलं. मग तो म्हणाला, “नवं कुलूप आलं म्हणजे नवी किल्ली आली. मग सिरोच्या खिशातली किल्ली कशाची? तेवढीच तर इथली वस्तू त्याच्याजवळ आहे.”

गाडी तुम्ही दोघांनी मिळून घेतलीत, किल्ल्या दोन, एकेकानं एकेक ठेवली. तू तोरिनोला गेलास, लग्न केलं नाहीस, जमिनीतला वाटा त्याला देऊन टाकलास. तुझं म्हणून या गावात काही उरलं असेल तर ती किल्ली, असं त्याला वाटायचं. हे तुला सांग म्हणून मी त्याच्या मागे लागले होते. दर नाताळाला तो कागद काढायचा, ‘प्रिय सिरो’ लिहायचा आणि कागद परत खणात ठेवायचा. तसे दहा कागद आहेत. मी तरी लिहायला हवं होतं. भावाभावांत वहिनीनं पडू नये म्हणून थांबले. तो शहाणपणा नव्हता, चूक होती, आणि ती माझी आहे.

तुझी किल्ली आहे का अजून? असली तर घेऊन ये.

क्लेलिया


तोरिनो,
१८ एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र मी जिन्यात उभ्यानं वाचलं. वर यायला बराच वेळ लागला.

किल्ली आहे. घराच्या किल्ल्यांच्याच जुडग्यात आहे. अकरा वर्षं रोज हाताला लागते, कुठल्या कुलपात गेली नाही. रजिस्टर पोस्टानं सोबत पाठवतो आहे. दात कोरे आहेत, फिरेल. शिशाची पूड आधी हिला लावा. स्टिअरिंग सैल ठेवा, किल्ली पूर्ण आत गेली की केसभर मागे घ्या आणि मग फिरवा. बॅटरी पाच महिने पडून आहे, ती आधी कुणाकडून चार्ज करून घ्या.

आणून द्यायला हवी होती, कळतं मला. ते वाचल्यावर तर पाय अजूनच जड झाले. तो ज्या भावासाठी कुलूप जपत होता तो मी नव्हतो, वहिनी. मी बसथांब्यावरून परत गेलेला माणूस आहे. गाडी आता तुमची. माझा वाटा मी सोडला.

सिरो


तोरिनो, तुझ्या दारात,
२४ एप्रिल, सकाळी साडेअकरा

चि. सिरो यास,
हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. तुमच्या दारवानबाईच्या हाती वर पाठवते आहे. ती धुराबद्दल माझ्याशी भांडते आहे, तेव्हा थोडक्यात लिहिते.

तुझी किल्ली पहिल्याच खेपेला फिरली. काही आवाज नाही, खटका नाही. लोण्यातून सुरी जावी तशी फिरली, आणि मी तशीच बसून राहिले. तेक्लाच्या पुतण्यानं बॅटरी चार्ज करून दिली होती. इंजिन चार वेळा खोकलं, तुझ्यासारखं खोटं नव्हे, खरं, आणि सुरू झालं. गाडी मागे घेतली तेव्हा इंजिनिअर बाहेर उभा होता. त्यानं टोपी काढली. गॅरेज रिकामं झालं, सहा दिवस आधी.

तिला तेक्लाच्या अंगणात नेऊन लावायची, असंच ठरलं होतं. अंगणापर्यंत गेले आणि वळलेच नाही. चाळीस वर्षं मी तीनचाकी चालवत ऑलिव्हची पोती डोंगरावरून उतरवली आहेत. इथं एक चाक जास्त, एवढंच. हमरस्त्यावर ट्रकवाले भोंगे वाजवत होते. अडुसष्ट वर्षांच्या बाईला उघड्या गाडीत पाहून वाजवत असतील किंवा मी फारच सावकाश चालवत असेन. केसांची दशा पाहशीलच.

वाटा सोडलास असं लिहिलंस. तो मी घेत नाही. अर्धी गाडी माझी म्हणून अर्धी वाट मी चालवली, इथवर. परतीची अर्धी तुझी. आणि तू म्हणतोस ना, तो जपत होता तो भाऊ तू नव्हतास. सिरो, तो निघून गेलेल्याचीच वाट पाहत होता. न जाणाऱ्याची वाट कुणी पाहतं का?

मी इंजिन बंद केलेलं नाही. बॅटरीचा भरवसा नाही, आणि किल्ली उलटी फिरवायचं धाडस मला होत नाही. बाजूची सीट रिकामी आहे. दर पत्राखाली लोभ असावा असं लिहायची रीत आहे, आज ते लिहीत नाही. असेल तर कोट घाल आणि खाली ये.

वहिनी