उजवा गाल

मंगळवार, १२ तारीख, दुपार

ताई,

नमस्कार. छकुली ठणठणीत आहे, खालचे दोन दात आलेत. तुझी कंबर कशी आहे? पुढचं विचारायला मला तोंड नाही, तरी फाडायच्या आधी हे पत्र एकदा वाच.

काल तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गालाचे पंधरा फोटो दाखवले, तारखांसकट. त्यांनी ते बाजूला सारले आणि चमचाभर संत्र्याचा रस तिला पाजला. आमच्या डोळ्यांदेखत तिचा गाल तोंडापासून कानापर्यंत लालबुंद झाला. फक्त उजवा. कुणी बोटही लावलं नव्हतं. अर्ध्या तासात सगळं गेलं.

"बाळंतपणात बाळाचं डोकं ओढायला चिमटे लावले होते का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, तेव्हा कानापुढची नस दबली असावी, म्हणून तोंडाला पाणी सुटलं की गाल लाल होतो. अ‍ॅलर्जी नाही, औषध नको, वाढता वाढता बहुतेक जाईल.

पाळणाघरात तू हेच सांगत होतीस, "अगं, खाताना होतं, तूच भरवून बघ." पण माझं डोकं धावलं ते तुझ्या डावखुरेपणाकडे. डाव्या हाताची चापट समोरच्याच्या उजव्या गालावर बसते. एवढी अक्कल पाजळून मी तुमच्या पाळणाघराच्या बाईंकडे गेले आणि सख्ख्या बहिणीवर आळ घेतला. अठरा वर्षांचं तुझं काम एका दुपारी गेलं.

आता जे लिहायचं टाळतेय ते. तुला काढल्यानंतर चौथ्या दिवशी मी तिला सफरचंद किसून भरवत होते. गाल लाल झाला. चमचा माझ्याच हातात होता. मला तेव्हाच कळलं, ताई. तीन आठवडे मी गप्प बसले. तिला फळं देणंच बंद केलं, म्हणजे कुणाला दिसायला नको. परवा ह्यांनी तिला संत्रं चाखवलं, गाल पाहिला आणि काल डॉक्टरांकडे नेलं. माझ्या शहाणपणाने काही झालं नाही.

आज सकाळी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पाळणाघरात गेले. सगळ्या बायकांसमोर खरं सांगितलं, तीन आठवड्यांचंही. बाई म्हणाल्या, "जागा त्यांचीच आहे. पण त्या का येतील?"

माफ कर असं म्हणायची लाज वाटते. तू ये, नाहीतर येऊ नकोस. पण छकुलीला एकदा तूच भरव.

आई कामावर असताना तुझ्या डाव्या हातचे घास खाऊन वाढलेली,
तुझी धाकटी