मोज्याचा कोट

३ जून

चि. भिंगरीस,

बाबाचा आशीर्वाद आणि तुझ्या मोज्याचा एक ओला मुका, दोन्ही पोचते करून घे.

नव्या नोकरीत तुझं बस्तान बसलं हे वाचून बरं वाटलं. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. शिलाई मशीन चालू असलं की घंटी ऐकू येत नाही, आणि मशीन बंद ठेवून बसायला मी काही जहागीरदार नाही.

जाताना तू ‘बाबा, थोडेच दिवस सांभाळा’ म्हणत हे मोज्या नावाचं लांबुडकं फेरेट माझ्या गळ्यात मारलंस, तेव्हा मी काय काय बोललो ते आता विसर. ना मांजर ना मुंगूस, असं म्हणालो होतो ना? आता त्याच्यावाचून माझं पान हलत नाही. काल त्याने माझं बोटातलं अंगुस्तान पळवलं, परवा मापाची टेप. दोन्ही कपाटाखाली, तुझ्या जुन्या मोज्यांच्या ढिगात सापडली. नावाला जागतो बिचारा.

त्याच्या शेपटीचे केस थोडे गळालेत. ऋतू बदलला की गळतात असं तूच म्हणाली होतीस, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पण उघडी शेपटी काही बघवेना. शेवटी एका साहेबांच्या सुटातल्या उरलेल्या कापडाचा त्याला कोट शिवला. मग गळती कमरेपर्यंत आली, तेव्हा कोट लांब केला. आता तो अस्तरवाला आहे, पोटावर बटणं. पोट जरा सुटलंय, तिथे कापड सोडावं लागलं. म्हटलं, माझ्या हातचं खाल्लेलं अंगी लागलं. खाजवतो बराच, लोकर टोचत असेल म्हणून अस्तर मऊ लावलं. अंगाचा वासही उग्र झालाय, पण नाक सरावतं. आणि हसू नकोस, महाशय उतारवयात सोफ्यावरच्या उशीच्या प्रेमात पडलेत. मानगूट धरून तिला घरभर ओढतात. नसबंदी झालेल्याला हे सुचतं कसं, ते तूच सांग.

माझी तब्येत ठणठणीत. पाणी जरा कमी पितो, सारखं उठावं लागतं म्हणून. वयाचं आहे ते. बाकी सगळं छान.

तुझा,
मशीनवरचा पाय न काढता लिहिणारा,
बाबा


२१ जून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. आधी शेवट सांगतो, म्हणजे पुढचं जीव मुठीत धरून वाचायला नको. मोज्या जिवंत आहे. आत्ता माझ्या पायावर झोपलाय आणि घोरतोय.

मंगळवारी सकाळी तो आपल्या शू करायच्या मातीच्या पेटीत शेपूट वर करून बसला तो बसलाच. जोर लावत होता, पण थेंब पडत नव्हता. मध्येच असा कळवळून ओरडला की माझ्या हातातली कात्री गळाली. त्याला पिशवीत घातलं आणि प्राण्यांच्या दवाखान्याकडे पळत सुटलो, गळ्यात टेप तशीच.

तिथल्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या, पण जिभेला धार माझ्या कात्रीची.

“काका, आधी हा कोट काढा.”

“थंडी वाजते हो त्याला.”

“वाजणारच! अंगावर केस कुठे आहेत?”

मी बटणं काढली. खरं सांगतो भिंगरी, रोज एक एक बटण लावताना जे दिसलं नाही ते त्या पांढऱ्या टेबलावर एकदम दिसलं. कमरेपासून खाली कातडी कागदासारखी झालेली, खांदे वाळलेले आणि पोट तेवढं पुढे.

“शिवलाय सुरेख,” बाई म्हणाल्या. “पण काका, तुम्ही रोगालाच कोट घातलात.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर लोकांची सुटलेली पोटं आणि वाकडे खांदे कापडाखाली लपवले. झाकणं एवढंच मला येतं. तुझ्या आईने तो कोट पहिल्याच दिवशी उसवला असता.

पुढे बाईंनी आधी बारीक नळी घालून त्याची लघवी मोकळी केली, मग सोनोग्राफी केली आणि मला समोर बसवून समजावलं. मूत्रपिंडाजवळ मसुरीएवढी एक ग्रंथी असते, तिला अॅड्रिनल म्हणतात. वय झालेल्या फेरेटांत ती सुजते आणि नको तेवढे हार्मोन सोडते. ऋतूने गेलेले केस परत येतात. या रोगात शेपटीपासून वर चढत, दोन्ही अंगांना सारखेच गळत जातात. खाज, उग्र वास, सुटलेलं पोट, एवढंच काय, ते उशीचं प्रेमप्रकरणसुद्धा त्याचंच. म्हणजे मागच्या पत्रात मी तुला अख्खा रोग लिहून पाठवला होता, गंमत म्हणून!

“आणि नर असला की प्रोस्टेट वाढते,” बाई म्हणाल्या. “लघवीची वाट आवळली जाते. सारखं जावंसं वाटतं, गेलं की होत नाही, थेंब थेंब येते. मग एक दिवस सगळं बंद.”

मी गळ्यातल्या टेपनेच कपाळ पुसलं.

“काका, घाम का फुटला तुम्हाला?”

“माणसांना होतं का हो हे?”

“हा ग्रंथीचा रोग वेगळा. पण उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट वाढतेच. का? कोणाला त्रास आहे?”

“एका मित्राला.”

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. “मित्राला म्हणावं, उद्याच डॉक्टरकडे जा. आणि तोवर कोट शिवत बसू नकोस.”

मोज्याची उजवी ग्रंथी बिघडली आहे. ती एका मोठ्या शिरेला चिकटून असते, त्यामुळे ऑपरेशन जिवावर बेतू शकतं. म्हणून त्याच्या खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली, तांदळाएवढी औषधाची कांडी घातली. ती महिनोन्‌महिने झिरपत राहते. रोग मुळातून जात नाही, पण हार्मोन आवरतात. संपली की नवी घालायची. दोन दिवस त्याला तिथेच ठेवलं होतं. आल्या आल्या त्याने पेटीत धो धो कार्यक्रम उरकला आणि मी टाळ्या वाजवल्या. ब्लाउज शिवायला आलेल्या बाई कापड तसंच परत घेऊन जायला निघाल्या होत्या.

तू काळजी करू नकोस. मित्र जाईन म्हणतोय.

तुझा,
कात्री सांभाळून असलेला,
बाबा


९ जुलै

भिंगरी,

तुझं उत्तर मिळालं. अख्ख्या कागदावर एकच ओळ: ‘बाबा, तो मित्र कोण?’

अगदी आईवर गेलीस.

मोज्याची शेपटी बघायला हवीस. पिवळसर लव आलीय, बाटली घासायच्या ब्रशासारखी दिसते. उशीकडे आता ढुंकूनही बघत नाही. उशी बिचारी एकटी पडलीय. कोट त्याने स्वतःच दातांनी उसवला आणि कपाटाखाली नेऊन टाकला.

मित्र डॉक्टरकडे गेला. गोळ्यांनी भागण्याची वेळ निघून गेली म्हणाले. ऑपरेशन करायचं, पुढच्या सोमवारी. रोजचंच आहे त्यांना, घाबरण्यासारखं काही नाही म्हणतात. घरी कोण आहे, असं विचारलं. मी म्हटलं, मोज्या आहे. डॉक्टर म्हणाले, त्याला सही करता येते का?

फोनचंही सांगून टाकतो. घंटी ऐकू येते मला, मशीनच्या खणखणाटातही येते. पण आवाजावरून तू मला पकडतेस, म्हणून उचलत नव्हतो. नव्या नोकरीत तुला रजा मागायला लागू नये, असं मनाशी ठरवलं होतं.

तर सही करायला येशील का? पुन्हा झाकतोय बघ. सहीचं निमित्त आहे, सही शेजारचेही करतील. मला भीती वाटते, भिंगरी. सोमवारी तू समोर असावीस असं वाटतं. ये.

आज संध्याकाळी फोन कर. उचलतो.

तुझा,
सगळी बटणं काढून बसलेला,
बाबा