मुकादमाची इंग्रजी

पिंपरी, १० जाने. ५५, सोम.
आमचा गोरा साहेब म्हणाला, संक्रांतीला अर्धा दिवस सुट्टी. खाली येऊन माणसांना सांगितलं, पाया पडून मागून घेतली. गेनबा हात जोडून, "मुकादम, तुमी हाय म्हनून!" आहेच. वर साहेब, खाली माणसं, मधे मी.
माझी इंग्रजी कानाची. लढाईत गोऱ्यांच्या छावणीत चहा देता देता उचलली. बोलतो झकास, लिहिण्या-वाचण्याच्या नावानं शून्य. म्हणून खेमचंद मास्तर लावलेत, निर्वासितांच्या कॅम्पातले. कराचीला हेडमास्तर होते म्हणे. इथे बायकोच्या पापडांवर चाललंय.

१३ जाने., गुरु.
धड्याला मास्तर कंदील नेहमी माझ्या तोंडाशी ठेवायला लावतात. वाटायचं, उच्चार तपासतात. आज वाऱ्यानं कंदील गेला. विचारलं, मास्तर, काडी देऊ? गप्प. मोठ्यानं विचारलं. गप्प. मग आईवरून एक हासडली. मास्तर शांतपणे, "मुकादम, आहात ना?"
ठार बहिरे! ओठ वाचतात. इतके दिवस पत्ता नाही, आणि मी कानांचा म्हणवतो.
कंदील लागल्यावर ते हसले, मीही हसलो. बोललो नाही काही. अशी गोष्ट लगेच खर्चायची नसते.

१९ जाने., बुध.
साहेबाच्या डोक्यात नवं खूळ. कामगारांसाठी रोज संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग. "म्हणजे ते माझ्याशी थेट बोलतील." थेट! मग मी कशाला? वर मलाच विचारतो, कोणी मास्तर आहे का. नाही म्हटलं.
तरी खे. मास्तरांना कुठून तरी कळलंच. अर्ज देऊन मोकळे. पगार, शिवाय राहायला पक्की खोली. बराकीतून सुटका. मला म्हणाले, "साहेबाकडे तुम्ही साथ चला, मुकादम. हिंमत येते."
येतो म्हटलं. न यायला काय झालं.

२४ जाने., सोम.
मास्तर इस्त्रीच्या कोटात. साहेब पहिला प्रश्न विचारणार, तोच मी पुढे होऊन त्याला चिरूट दिला. पेटवूनही दिला. खूश. चिरूट दातांत धरून विचारू लागला. ओठ जागचे हलेनात.
पहिलं उत्तर मास्तरांनी अंदाजानं ठोकलं, बरोबर आलं. मग वय विचारलं तर थँक्यू म्हणाले. कारकून फिसकन हसला. मास्तरांनी वळून पाहिलं. माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. एकदा नुसता प्रश्न परत म्हटला असता तरी...
तोंड मिटून हसत राहिलो. माझं हसणं प्रेमळ आहे, सगळेच म्हणतात.
बाहेर आल्यावर मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. काढला नाही त्यांनी.

२७ जाने., गुरु.
घ्या! साहेब म्हणतो, "तू एवढं छान बोलतोस, वर्ग तूच घे." इंग्रजी लिहिता-वाचता येत नाही हे कुठल्या तोंडानं सांगू?
आज पहिला वर्ग. गेनबानं पाटी पुढे केली, "माजं नाव काडून दावा की विंग्रजीत." म्हटलं, आधी बोलायला शीक, घाई कसली? "घाई मंजी? शनवारी सायब समद्यांच्या पाट्या बगनार हाय. मलाच म्हनला, खुणा करून." मागून कोणीतरी, "मुकादम, खडू सापडंना व्हय?"
हशा. त्यात मीही हसलो.

२८ जाने., शुक्र.
काम सोडून कॅम्पात गेलो. मास्तर बराकीबाहेर खाटेवर, भर उन्हात. बाई पापड वाळत घालत होत्या. समोर बसलो, ओठ नीट दिसतील असा. मनाशी जुळवून गेलो होतो: वर्ग माझ्या नावावर, शिकवायचं तुम्ही, पगार अर्धा-अर्धा. नाहीतर सगळा तुमचा. खोलीचंही बघतो.
"मास्तर," म्हटलं.
त्यांनी डोळे मिटले.
तरी बोलत राहिलो. सगळं सांगितलं, दोनदा. पापणी हलली नाही.
बाई मान वर न करता म्हणाल्या, "सोये नहीं हैं, मुकादमजी. बोलिये, बोलिये."
उद्या शनिवार.