रिकाम्या जागेवरचा सडा

पिंपळगाव रेणुकाई,
ता. ६ जानेवारी २०२५

चि. राजानंद यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरात फोन असताना अक्का पत्र लिहीत बसली म्हणून हसशील. हस. पण तुझा फोन वंदना स्पीकरवर ठेवते आणि निम्मी उत्तरं तीच देते. मला तुझं उत्तर पाहिजे. शेजारच्या सलमाचे रशीदभाई रोज जालन्याला जीप नेतात, त्यांच्याजवळ पाकीट देते आहे.

आमचं घरकुल मंजूर झालं, पण बांधायला जागा नाही. धावड्याला दिरांच्या वाटण्यांत आमच्या हाती काही उरलं नाही, म्हणून तर ह्यांनी इथे माझ्या माहेरी वेल्डिंगचं दुकान टाकलं. घरमालकाला मुलाच्या लग्नासाठी खोल्या हव्यात, उन्हाळ्यात रिकाम्या करा म्हणतो. गावात दुसरी खोली नाही. होत्या त्या जिनिंगच्या कामगारांनी जास्त भाडं देऊन धरल्या. मार्चअखेर जागा दाखवली नाही तर घरकुल दुसऱ्याला जाईल.

आपलं मातीचं घर पडल्यापासून ती जागा ओसाड आहे. तुझं बिऱ्हाड जालन्यात, तू काही इथे बांधायचा नाहीस. मागचा कोपरा मला दे. जागा तुझी आहे हे मी विसरलेले नाही. बाबा गेल्यावर हक्कसोडीवर सही मीच केली, आणि त्या वेळी तू नेसवलेली साडी अजून धडधाकट आहे.

वंदनाला आशीर्वाद. बहिणीवर माया आहे तशी राहू दे.

तुझी,
दैवशालाअक्का

---

जालना,
ता. १५ जानेवारी २०२५

ती. अक्का हिस सा. न. वि. वि.

पाकीट पोचलं, पण त्याची एक कड सुटलेली होती. रशीदभाई वाटेत वाचत असतील असं माझं म्हणणं नाही. तरी पुढच्या वेळी डिंक जास्त लाव.

घरकुल मंजूर झालं, आनंद वाटला. जागेचं मात्र मला नीट कळलेलं नाही. हे दाजींच्या डोक्यातून निघालं का? आज कोपरा मागतात, उद्या शेताचं काढतील, असं इथले एक वकील म्हणाले. हे मी म्हणत नाही.

दुसरं असं की, आपल्या भिंतीला लागून राहणाऱ्या कारभारीनानांचा फोन आला होता. ते म्हणाले, "तू तिकडं, अन् इकडं तुझी बहीण कब्जा करून राह्यली." दिवाळीपासून तू रोज सकाळी त्या जागेवर झाडून सडा घालतेस, रांगोळी काढतेस, हे खरं का? पत्र तर तू जानेवारीत लिहिलंस. मग मागायच्या आधीच धरलीस काय?

रागावू नकोस. जे ऐकलं ते विचारलं. तिळगूळ पाठवतो आहे.

तुझा,
राजानंद

---

पिंपळगाव रेणुकाई,
ता. २२ जानेवारी २०२५

चि. राजानंद यास आशीर्वाद. वि. वि.

तिळगूळ खाल्ला. गोड बोलायचं मात्र मला जमत नाही.

सडा घालते, खरं आहे. आई त्या अंगणात रोज घालायची आणि तिथे लोक आता उष्टं-खरकटं टाकतात, ते मला बघवत नाही. दुसरं कारणही आहे. अंगण वापरात दिसलं की कोणी त्यात पाय टाकत नाही. पाय टाकायला कोण टपलं आहे, त्याचं नाव लिहिणार होते. पण रशीदभाई वाचतात म्हणतोस, तर राहू दे. आलास की तोंडानेच सांगेन.

दाजींवर घसरू नकोस. त्यांनी तर मागूच नको म्हणून सांगितलं होतं. तुझ्या वकिलाला पाहिजे तसा कागद करून आण. शेतावर आमचा हक्क नाही, पुढेही सांगणार नाही, सगळ्यावर सही करते. फक्त उशीर करू नकोस.

अक्काला परकी समजू नकोस, एवढंच मागणं.

दैवशाला

---

जालना,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का हिस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. माणूस एवढ्या लवकर सगळं कबूल करत नाही, अक्का. काही घासाघीस केली असतीस तर मला बरं वाटलं असतं. आणि कोणी टपलं आहे म्हणून नाव न घेता लिहितेस, ते मला घाबरवायलाच ना?

होळीनंतर गव्हाच्या वेळी मी येईन, तेव्हा ठरवू. तोवर त्या जागेवर झाडू नकोस, सडा घालू नकोस, पायही ठेवू नकोस. तुला आईची शपथ. जागेवर लक्ष ठेवायला कारभारीनानांना सांगितलं आहे, तू काळजी करू नकोस.

राग धरू नये, ही विनंती.

राजानंद

---

जालना,
ता. २० मार्च २०२५

ती. अक्का हिस सा. न. वि. वि.

परवा गावी आलो होतो. तुझ्या दाराला कुलूप होतं. तसाच जागेवर गेलो.

तिथे कारभारीनानांच्या दोन म्हशी बांधलेल्या. वर पत्रे टाकलेत, कोपऱ्यात उकिरडा केला आहे. विचारलं तर हसून म्हणाले, "पडीकच व्हती की. तू सख्ख्या बहिणीला पाय ठिवू देला न्हाई, मंग मला वाटलं तुला जागेचं काय बी न्हाई."

तू नाव लिहिणार होतीस ते हेच ना? माझी मती कुठे गेली होती कळत नाही. लक्ष ठेवायला मी त्यांनाच सांगितलं.

अक्का, कोपरा नको, सगळी जागा तू घे. कागद नको, सही नको. उद्याच जाऊन तिथे उभी राहा, घरकुलासाठी जागेचा फोटो लागतो तो काढून घे. सरकारी घर मंजूर आहे म्हटल्यावर नानांना म्हशी सोडाव्याच लागतील. शपथ मी परत घेतो.

राजानंद

---

पिंपळगाव रेणुकाई,
ता. २४ मार्च २०२५

चि. राजानंद यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

जागेचा फोटो झाला. तू कुलूप बघून गेलास, त्याच दिवशी. घरकुलाचे साहेब म्हणाले बाई, मधोमध उभ्या राहा, आणि मी उभी राहिले. पण सलमाच्या परसात. रशीदभाईंनी मागची पट्टी आम्हाला दिली. फुकट नाही, जागा घ्यायला सरकार जी मदत देतं तेवढ्यात भागवलं.

आता तू विचारशील, यात सलमाचा डाव काय. मीही विचारलं, शेवटी आपण एकाच आईची लेकरं. ती चिडली. म्हणाली, "उद्या पडोसी कोन यील माहीत न्हाई. तू तर माहीत हायेस, भांडली तरी तुझं मला बराबर समजतं."

सगळी जागा घे म्हणतोस, ते वाचून रडू आलं. पण राजा, जानेवारीत मी मागितली तेव्हा ती बहिणीला द्यायची होती. आता तू ती नानांपासून सोडवायला देतो आहेस. नानांशी भांडण तुझं, ते तूच कर. मी साक्षीला येईन, राहायला येणार नाही.

तुझ्यावर राग आहे. जाईल, पण लगेच नाही.

अक्षय तृतीयेला चौकट बसवायची आहे. बहिणीच्या घराची चौकट भावाने धरायची असते, हे तुला सांगायला नको. एक बाजू सलमाचा भाऊ सोहेब धरतो म्हणाला. दुसऱ्या बाजूला मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मिस्त्री थांबणारा माणूस नाही, तेव्हा सकाळच्या पहिल्या गाडीने ये. तू आला नाहीस तर ती बाजू मीच धरीन.

तुझी,
अक्का