उसवणाऱ्या पट्ट्याचे हक्क

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटरसायकलच्या सीटा शिवणे, हा कागद आपखुशीने, कुणी भरीला न घालता आणि कुणाच्या धाकात न राहता लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी पाच वेळा केले आणि म्हटलं, पुढचे तुम्ही करा, मला दुकान उघडायचंय. माझं पूर्ण नाव व पत्ता ओळखपत्राच्या प्रतीवर आहे. एरवी सगळा रस्ता मला सीटवाली म्हणतो आणि त्याला माझी हरकत नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र रागाच्या भरात केलं होतं, ते रद्द समजावं.

घाई कशाची ते आधीच सांगते. पुढच्या महिन्यात हेल्मेट बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची माणसं माझ्या पेटंटचा करार घेऊन येणार आहेत आणि माझा मुलगा पेनाचं टोपण काढून बसला आहे. माझ्या हृदयाचं काही खरं नाही. त्याआधी मी गेले तर तो सही करील, कंपनी दोरा बदलील आणि कुणाचा तरी जीव जाईल. तसं होऊ नये म्हणून हे लिहिणं. घर, मशीन वगैरे ओघानं आलं.

कलम १. खालचं दुकान, तिन्ही शिलाई मशीन, कापायचं मेज आणि रेक्झिनचे उरलेले गठ्ठे माझ्या मुलीला. मधल्या मशीनचं पायडल कुरकुरतं. तेल घालू नये, घालून पाहिलंय, जास्तच कुरकुरतं. मोठी कात्री मात्र शेजारच्या टायरवाल्याला द्यावी. गेल्या एकोणीस वर्षांत ती त्यानं कितीदा तरी "दोन मिनिटांसाठी" नेली आणि रबर कापून बोथट करून आणली. आता त्याचीच होऊ दे, म्हणजे मागायला माझ्या मुलीच्या दारात उभा राहणार नाही.

कलम २. वरच्या दोन खोल्या मुलाला. बँकेतली ठेव दोघांना सारखी. मुलगा वाईट नाही, हे इथं मुद्दाम लिहिते. त्याला माल विकता येतो, मला कधी आला नाही. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मी भांडते. पण त्याला कुणी "सर" म्हटलं की हा विरघळला. कंपनीच्या माणसानं पहिल्याच भेटीत चार वेळा म्हटलं.

कलम ३. आता पट्टा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चालवणाऱ्यानं कमरेला बांधायचा हा रुंद पट्टा. त्याला मागे बसणाऱ्यानं धरायला दोन मुठी, आणि एक आडवी पट्टी, जी मागच्याच्या पाठीमागून फिरवून बक्कलात अडकवायची, म्हणजे म्हातारं माणूस किंवा पेंगणारं पोर कलंडत नाही. ही पट्टी जिथं जोडली आहे तिथली शिलाई मुद्दाम कच्ची ठेवलेली आहे. सुती दोरा, एकच ओळ, इंचाला पाच टाके. खड्डा आला, ब्रेक लागला तरी टिकते. पण गाडी आडवी होऊन चालवणारा तिच्याबरोबर घसरत गेला, तर शिलाई उसवते आणि मागचा माणूस मोकळा होतो. नुसते पट्टे बाजारात पायलीला पन्नास मिळतील. पेटंट आहे ते या उसवण्याचं. त्याची आठ वर्षं उरली आहेत आणि दरवर्षीची फी वेळेवर भरली नाही तर तीही जातील. तारीख दुकानाच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवली आहे.

कसोटी अशी: पट्टी आढ्याला बांधून वाळूचं पोतं टांगायचं. पन्नास किलोला टिकली पाहिजे, ऐंशीला उसवलीच पाहिजे. शंभर पट्ट्यांमागे एक, असं माझी मुलगी स्वतः टांगून बघेल. ज्यानं दोरा बदलला, दुसरी ओळ मारली किंवा टाके दाट घातले, त्याचा परवाना त्याच दिवशी संपला. नोटीस, मुदत, चर्चा काही नाही.

परवाना कुणा एकट्यालाच देऊ नये. सीटा शिवणारी जी लहान दुकानं आहेत त्यांना आधी द्यावा, कारण त्यांना टाका म्हणजे काय ते कळतं. कंपनीला हवा असेल तर याच अटींवर, रांगेत उभं राहून. त्यांचा माणूस मला म्हणाला होता, "मॅडम, आम्ही नायलॉन वापरू. तुटणारच नाही, गॅरंटी देऊ."

मी म्हटलं, "अहो, तुटणार नाही म्हणूनच नको आहे."

"पण गिऱ्हाइकाला मजबूत माल लागतो."

"गिऱ्हाइकाला जिवंत घरी जायचं असतं. त्याला विचारून बघा."

तो हसला आणि मुलाकडे बघून "सर" म्हणाला. तो चौथा.

कलम ४. विक्रीचं काम मुलाकडे राहील आणि त्याचं कमिशन त्याला मिळेल, पण माझ्या पद्धतीनं. वाऱ्यावर केस उडवणाऱ्या मुलीचं पोस्टर त्यानं छापून आणलं आहे. ते मेजाच्या पायाखाली घालावं, मेज डुगडुगतं. जाहिरातीत मागच्या सीटवर आजी किंवा आजोबा बसलेले दिसले पाहिजेत. दुकानाच्या दारात पोतं टांगून गिऱ्हाइकासमोर एक पट्टा उसवून दाखवावा. बघणारा आधी हसतो, मग गप्प होतो, मग किंमत विचारतो. हे मी तीनदा पाहिलं आहे. एकदा उसवलेला पट्टा परत शिवून द्यायला काही घेऊ नये. इंग्रजी नाव ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, त्यावर भांडण्याइतकी ताकद माझ्यात राहिलेली नाही.

कलम ५. हे कलम मी चार वेळा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते.

कच्च्या शिलाईची कल्पना माझी नव्हे. ती माझ्या धाकट्या दिरांची, भावजींची. आमचे हे गेल्यावर ते माझ्याबरोबर दुकानात बसत. मी पट्टा घट्ट शिवत होते, तर ते म्हणाले, "वहिनी, इथं कच्चाच ठेवा. सोडायची वेळ आली तर सुटायला नको का?" पेटंटच्या अर्जावर मी नाव माझं एकटीचं घातलं. ते म्हणाले होते, "माझं कशाला?" आणि मी पुन्हा विचारलं नाही.

पहिल्या बारा पट्ट्यांतला एक दवाखान्यातल्या नर्सबाईंनी घेतला. त्यांची गाडी सांडलेल्या तेलावरून घसरली. यजमान गाडीबरोबर गेले आणि बाई पट्टीला अडकून त्यांच्यामागे वीस फूट फरफटल्या. शिलाई उसवली नाही. यजमानांना खरचटलं. बाईंचा डावा गुडघा कायमचा गेला.

मी सगळ्या रस्त्याला सांगितलं की ती शिलाई भावजींची होती. ती त्यांचीच होती, खरं आहे. पण पट्टा द्यायच्या दिवशी सकाळी मी तो हातात घेतला आणि त्या एकेरी ओळीची मला लाज वाटली. चाळीस वर्षांत या दुकानाची शिलाई सुटली असं कुणी म्हटलं नव्हतं. मी बसले आणि त्याच रंगाच्या नायलॉनची दुसरी ओळ मारली. शेवटी टाका उलटा मारून बंद करायची सवय माझी. भावजी गाठ मारतात. अपघातानंतर पट्टा माझ्याकडे परत आला तेव्हा तो उलटा टाका मी ओळखला. भावजींनी पट्टा बघायला मागितला. मी म्हटलं, फेकून दिला. तो अजून माझ्या कपाटात, खालच्या खणात आहे. पेटंटच्या वकिलांनी तो ताब्यात घ्यावा. भावजी त्या आठवड्यात दुकान सोडून गेले आणि अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. ते याच रस्त्याच्या टोकाला राहतात.

कलम ६. म्हणून पेटंटवर भावजींचं नाव घालण्याचा अर्ज वकिलांनी करावा. परवान्यातून येणाऱ्या उत्पन्नाचे चार सारखे भाग: मुलगी, मुलगा, भावजी, नर्सबाई. आणि भावजींच्या सहीवाचून कुठलाही करार पक्का होणार नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणी पेटंटच्या वकिलांनीच करावी. ते हळू आहेत पण विकले जात नाहीत.

इथवर लिहून झाल्यावर मी नर्सबाईंना बोलावलं आणि पाचवं कलम वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग काठी उचलली आणि म्हणाल्या, "माझं ऐकून झालं. त्यांना कधी सांगणार?"

मी म्हटलं, "यात लिहिलंय की. मी गेल्यावर वकील वाचतील."

"छान! म्हणजे तोंडावर ऐकायला तुम्ही नसणार. मी वीस फूट गेले, तुम्हाला रस्त्याच्या टोकापर्यंत जाववत नाही?"

मला रागच आला. बाई बोलतात फार लागट. पण काल सकाळी गेले.

भावजींनी दार उघडलं. केस सगळे पांढरे झालेत. आत बोलावलं नाही, मीही गेले नाही. उंबऱ्याशी उभं राहून कलम वाचलं. त्यांच्यामागे पडवी दिसत होती. तिथं आढ्याला वाळूचं पोतं टांगलेलं होतं आणि खाली उसवलेल्या पट्ट्यांचा ढीग, पंचवीस-तीस तरी. माझं वाचणं मध्येच थांबलं.

ते म्हणाले, "थांबू नका. पूर्ण वाचा."

मी वाचलं. ते म्हणाले, "परत वाचा. नायलॉनचं तेवढं."

मी परत वाचलं.

"म्हणजे माझी एकेरी ओळ उसवली असती?"

"उसवली असती, भावजी."

ते तिथंच पायरीवर बसले. "अकरा वर्षं शोधतोय मी," ते म्हणाले, "माझं कुठं चुकलं ते."

मी त्यांची माफी मागितली. ती त्यांनी दिली नाही आणि नाही असंही म्हणाले नाहीत. हात पुढे केला, कागद मागून घेतला, चष्मा लावून तिसरं कलम सावकाश वाचलं आणि माझ्याच पेनानं एक आकडा खोडला.

"ऐंशीला उशीर होतो, वहिनी. सत्तर."

तरी कलम तीनमध्ये ऐंशीच्या जागी सत्तर किलो वाचावं. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. दुसरी सही भावजींची. वकील म्हणाले, तिची कायद्याला गरज नाही. मी म्हटलं, राहू द्या.

वर लिहिलेलं मी स्वतः वाचून, समजून, खाली नमूद केलेल्या दोघांच्या समोर सही केली. त्यांनीही माझ्या व एकमेकांच्या समोर सह्या केल्या. दोघांनाही यातलं काही मिळणार नाही, याची त्यांना कल्पना आहे.

सही: (सीटवाली)

साक्षीदार १: औषधाच्या दुकानाचे मालक
साक्षीदार २: पोस्टातल्या कारकूनबाई

ठिकाण: दुकान, कापायच्या मेजावर
तारीख: ९ नोव्हेंबर, दुपारी सव्वाबारा