बोरगावची चिंच आणि माझी मशीन

११ मे १९८६, रविवार
वच्छला माहेरी जाऊन आज एकोणीस दिवस. भांडण नाही. तिनं एवढंच विचारलं, "पंपाचं दुकान बंद ठेवून हे लाकूड कापायची मशीन काहून खोलून बसले?" म्हटलं, सुधारणा करून राहिलो. तिनं पिशवी भरली.

आज बोरगावहून सासऱ्यांचा, पुंडलिकरावांचा निरोप. वाळलेली चिंच बैलांच्या कोठ्यावर झुकली आहे. मृगाच्या आत पाडा जावईबापू, अन् वच्छलेला घेऊन जा.

माझी चेनवाली मशीन लिलावातली, पण इंजिन दणकट. पाच दिवसांत तयार.

१४ मे
चेनच्या प्रत्येक दातापुढे बुटका खुंट असतो. दातानं किती लाकूड खायचं ते तो ठरवतो. कंपनीवाले भित्रे. सगळे खुंट कानशीनं निम्मे केले. आता मोठा घास घेईल.

१५ मे, सकाळी ११
घेतला. चेन बाभळीच्या ओंडक्यात रुतली अन् मशीन उसळून कपाळापर्यंत आली. शेजारचा मोटर वायंडिंगवाला सुधाकर पाहत होता. "काहून जिवावर उठला बे? माह्याकडचा आरा घेऊन जाय." दोघांनी ओढायचा आरा! अन् दुसऱ्या टोकाला कोण, सासरे?
ताकद सिद्ध झाली. फक्त इंजिन कमी पडतं.

१९ मे
सायलेन्सरचं भोक मोठं केलं. एअर फिल्टर काढून टाकला. मशीनला श्वास घेता आला पाहिजे. आवाज ऐकून मागच्या घरच्या मनकर्णाबाईंची म्हैस दावं तोडून स्टेशनकडे पळाली. आवाज म्हणजेच पॉवर.
उद्यापासून रोज सहाला उठणे.

२० मे
साडेनऊ.

२५ मे
चिंचेचं माप घ्यायचं म्हणून बसनं बोरगावला. माप घ्यायचंच होतं. वच्छलेनं पाणी दिलं. "जेवले का?" मी म्हटलं, नव्वद टक्के झाली. ती म्हणाली, "मी मशीनचं नाही विचारलं."
परतीच्या बसमध्ये लक्षात आलं, माप राहिलंच.

२ जून
कार्बोरेटरचा स्क्रू आवळला. पेट्रोल कमी, हवा जास्त. काय पळते! ओंडका आरपार! एकटाच टाळ्या वाजवत होतो, रडूही आलं.

दुपारी ४
पुढच्या ओंडक्यात इंजिन एकदम बंद. पिस्टन चिकटला. दोरी ओढली तर तुटून हातात आली. थंड झाल्यावर सुटेल.

४ जून
थंड आहे. पिस्टन सुटला नाही. सुधाकर म्हणतो, वंगणाचं तेल पेट्रोलातच असते, पेट्रोल तोडून तेलाशिवाय तळली तू. रॉकेल ओतलं, हातोडी मारली, हात जोडले. मृगाला तीन दिवस. सुधाकरकडे आरा मागितला. तो आत गेला अन् आणून दिला. शनिवारी निघतो. दुसरं टोक हेमंत धरेल, वच्छलेचा भाऊ.

६ जून
दुपारच्या बसनं वच्छलाच आली! मी पटकन खाटेवरचे नटबोल्ट आवरले.
चिंच परवाच पडली म्हणाली. एका टोकाला हेमंत, एका टोकाला ती. गावातल्या सुताराचा आरा दोन दिवस ओढला. कोठा शाबूत. तिच्या तळहातांना फोड आहेत.
म्हटलं, बरं झालं आली. ती म्हणाली, शिलाई मशीन न्यायला आली. बोरगावात ब्लाउजचं काम मिळून राहिलं.
 म्हटलं, थांब, तिला मोटर लावून देतो, दुप्पट स्पीडनं चालेल.
"हात नका लावू तिला," म्हणाली.
बसच्या टपावर चढवताना मात्र लावू दिला.